पल्याडचा तांबडा

एप्रिल महिन्यात सोलापुरात लेट्यूसचं बी रुजत घालू नये. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर सहा बशा, टिपकागदाचं एक पाकीट आणि भाचीचा माझ्यावरचा थोडाफार विश्वास वाचला असता.

भाची नववीत जाणार होती. शाळेचं विज्ञान प्रदर्शन डिसेंबरात, पण सुट्टीतच उरकून टाकू म्हणून ती माझ्याकडे साखर पेठेत येऊन बसली. विषय तिनेच आणला होता: वेगवेगळ्या रंगांच्या उजेडात बी कसं उगवतं. मला तो फारच आवडला. रंग, उजेड आणि माती यात आमच्या घराला नवीन काही नाही. शेजारी सूत रंगवणाऱ्यांची घरं, गावाकडे मंगळवेढ्याला काकांची ज्वारी, आणि उजेड तर सोलापुरात मागाल तेवढा. दिवाळीचा आकाशकंदील माळ्यावर होता. त्याचा लाल, निळा, हिरवा जिलेटीन कागद सोडवला, चपलांच्या खोक्यांना वरून खिडक्या कापल्या आणि त्यावर एकेक रंग चिकटवला. एक खोकं उघडं, एक पूर्ण बंद, आणि कागद उरला होता म्हणून एकावर लाल आणि निळा असा दुहेरी थर दिला. का दिला याला काही उत्तर नाही. हातात कागद उरला की माणूस चिकटवतो.

आठ दिवसांत एकही बी हललं नाही. उघड्यात नाही, बंदमध्ये नाही, लालमध्ये नाही. भाचीने वहीत सहा शून्यं लिहिली आणि आईकडे निघून गेली.

लेट्यूस हे थंड हवेचं पीक, त्याच्या बहुतेक वाणांचं बी 30 अंशांच्या आसपास पोचलं की झोपी जातं. मरत नाही, नुसतं थांबतं. आमच्या वरच्या खोलीत एप्रिलच्या दुपारी पंख्याखालीसुद्धा पारा त्याच्या बराच वर होता. म्हणजे बियांनी शहाणपणा केला होता, आणि त्यांच्या बाजूने बोलायचं तर त्या खोलीत मीही दुपारी काही करत नाही.

डिसेंबरात पुन्हा मांडलं. तेच खोके, तेच कागद, नवीन बी. यावेळी तिसऱ्या दिवशीच उघड्या बशीत पांढरी मुळं दिसायला लागली. शेवटी मोजलं तेव्हा उघड्यात आणि लालमध्ये जवळजवळ सगळ्या बिया फुटल्या होत्या. निळ्यात आणि हिरव्यात मोजक्याच. पूर्ण अंधारातही मोजक्याच. भाचीने तक्ता रंगवला, खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष: ‘लाल प्रकाश उगवण वाढवतो, निळा व हिरवा प्रकाश उगवण रोखतो.’ मी शाबासकी दिली. दुहेरी थराच्या बशीत एकच बी फुटलं होतं, ती ओळ तिने तक्त्यातून गाळली, कारण तिला काही नाव नव्हतं.

शेजारचे मामा संध्याकाळी पेपर मागायला आले तेव्हा तक्ता जमिनीवर वाळत होता. मामांचं उभं आयुष्य डाय हाऊसमध्ये गेलं. चादरीच्या सुताच्या लडी रंगात बुडवायच्या, पिळायच्या, बांबूवर वाळत घालायच्या. घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि रंगाबद्दल बोलताना दोन्ही. नखांच्या कडेला अजून कुठलातरी मरून रंग आहे, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी. ते तक्त्यापेक्षा खोक्यांकडेच बघत होते.

‘‘हे दोन कागदवालं तक्त्यात नाही का?’’

भाची म्हणाली, ‘‘ते काळं दिसतं मामा, म्हणजे अंधारच की.’’

मामांनी ते खोकं उचललं, खिडकीशी नेऊन कागद उजेडाकडे धरला. खरंच जवळपास काळा. ‘‘अंधारात किती आल्या?’’

‘‘पाच.’’

‘‘आणि ह्यात एक. मग हे अंधार कसं असंल? अंधार असता तर पाच आल्या असत्या.’’ मग थोडं थांबून, ‘‘आतनं कायतरी येवलालंय बे. आपल्याला दिसेना एवढंच.’’

मी विज्ञानाची पदवीधर. त्या एका उरलेल्या बशीकडे मी शाबासकी देताना पाहिलंही नव्हतं.

मामांचा तर्क रंगाऱ्याचा होता. डाय हाऊसमध्ये नवा घाणा काढला की लडी नमुन्याशी ताडून बघायची ती ट्यूबलाइटखाली नाही, दारात येऊन, उन्हात. ट्यूबखाली जुळ्या वाटणाऱ्या दोन लडी उन्हात परक्या निघतात आणि मग व्यापाऱ्याच्या शिव्या. डोळा रंग सांगतो तो बेरीज सांगतो, मालमसाला सांगत नाही. लाल दिसणाऱ्या कागदातून लालच येतं आणि निळ्यातून निळंच येतं, असं आपण धरून चालतो. जिलेटीन कागद डोळ्यासाठी बनवलेला असतो. डोळ्याची नजर जिथे संपते तिथे तो काय आत सोडतो याची बनवणाऱ्याला फिकीर नसते. आणि तांबड्याच्या पलीकडे, सुमारे 700 नॅनोमीटर लहरलांबीच्या पुढे, रंगीत कागद बहुधा सताड उघडे असतात. लाल, निळा, हिरवा, तिन्ही. निळ्यावर लाल चढवला की दिसणारं जवळजवळ सगळं अडतं आणि फक्त ते पल्याडचं तांबडं खाली उतरतं. शास्त्रात त्याला ‘फार-रेड’ म्हणतात. मी पल्याडचा तांबडा म्हणते.

म्हणजे भाचीच्या तक्त्यातली दुसरी ओळ तशी चूकच होती. निळ्याने आणि हिरव्याने काही रोखलं नव्हतं, किंवा रोखलं असलं तरी आमच्या खोक्यांवरून ते सिद्ध होत नव्हतं. त्या खोक्यांत साधा तांबडा नव्हता आणि पल्याडचा मात्र होता. आम्ही रंग बदलतो आहोत असं आम्हाला वाटत होतं. बी मात्र वेगळंच काही मोजत होतं.

ते काय मोजतं हे शोधण्याची गोष्ट लेट्यूसच्याच बियांवर घडली आहे. 1930च्या दशकात अमेरिकेत फ्लिंट आणि मॅकॲलिस्टर यांना दिसलं होतं की तांबड्या उजेडात लेट्यूसचं बी उठतं आणि वर्णपटाच्या त्याच्या पुढच्या पट्ट्यात, जिथे डोळ्याला फारसं दिसत नाही, उलट दबतं. पुढे मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथे कृषी खात्याच्या केंद्रात वनस्पतिशास्त्रज्ञ हॅरी बोर्थविक, रसायनशास्त्रज्ञ स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि मॅरियन पार्कर यांनी उजेडाचे पट्टे वेगळे पाडणारा भलामोठा वर्णपटलेखक उभा केला. बीशास्त्रातलं जोडपं, एबन आणि व्हिव्हियन टूल, त्यांना येऊन मिळालं. ‘ग्रँड रॅपिड्स’ नावाच्या वाणाचं भिजवलेलं बी घेतलं आणि त्याला आलटूनपालटून दोन तांबडे दाखवले: एक मिनिट 660 नॅनोमीटरच्या आसपासचा, चार मिनिटं 730च्या आसपासचा.

1952 साली छापलेला त्यांचा तक्ता मी पहिल्यांदा वाचला तेव्हा हसू आलं, इतका तो खोडकर आहे. अंधारात शंभरात साडेआठ बिया. तांबडा दाखवला, 98. तांबडा आणि मग पल्याडचा, 54. पुन्हा तांबडा, 100. पुन्हा पल्याडचा, 43. पुन्हा तांबडा, 99. असं करत राहा, उत्तर प्रत्येक वेळी शेवटच्या झोतावर ठरतं. आधी कितीदा काय सांगितलं ते बी लक्षात ठेवत नाही, निजताना कानावर पडलेला शेवटचा शब्द धरून बसतं. (आमच्या घरातही एकजण असेच आहेत, पण ते असो.)

यावरून त्यांनी ताडलं की दोन वेगळी द्रव्यं नाहीत, एकच द्रव्य आहे आणि ते दोन रूपांत जा-ये करतं. तांबडा पडला की जागं रूप, पल्याडचा पडला की निजलेलं. द्रव्य हाती नव्हतं तेव्हा हे म्हणायला धाडस लागतं. 1959 साली वॉरेन बटलर आणि सहकाऱ्यांनी अंधारात वाढवलेल्या मक्याच्या कोंबांत ते यंत्रावर पकडलं. फायटोक्रोम असं त्याचं नाव पडलं. वेगळं काढलं की त्याचं द्रावण निळसर दिसतं. हे मी मामांना कौतुकाने सांगायला गेले तर ते पेपरमधून मान न काढता म्हणाले, ‘‘असणारच. लाल गिळतंय ते निळंच दिसणार.’’

जागं रूप पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि उगवणीला दडपून ठेवणारी प्रथिनं मोडीत काढायला लावतं. मग जिबरेलिन हे संप्रेरक तयार व्हायला लागतं, झोपेचं संप्रेरक ओसरतं, बियांच्या आतली वेढणी मऊ पडते आणि मूळ बाहेर येतं. निळ्याचं उत्तर बियांच्या जातीप्रमाणे आणि मात्रेप्रमाणे बदलतं. सुप्तावस्थेतल्या सातूचे म्हणजे बार्लीचे दाणे तर निळ्या उजेडात अधिकच झोपून राहतात. हिरव्याचा परिणाम क्षीण असतो, शून्य नसतो. हल्ली ऑनलाइन जांभळे दिवे विकतात आणि ‘उगवण दुप्पट’ असं लिहितात, त्यावर एवढंच सांगते की मेथी, धने, हरभरा यांना रुजायला तुमच्या दिव्याशी काही देणंघेणं नसतं. पाणी द्या.

पण मला खरी ओढ लागली ती वेगळ्याच प्रश्नाची. बियांना ही दोन तांबड्यांची कटकट हवी कशाला?

उत्तर सापडलं ते मंगळवेढ्याच्या रानात. हुरड्याच्या दिवसांत गेलो होतो. मालदांडी डोक्याच्या वर गेलेली, कणसं भरलेली, काका आगटीवर कणसं भाजत होते आणि भाची दोन ताटांमधल्या सावलीत वाकून बसली होती. खाली जमीन बऱ्यापैकी मोकळी होती. बांधाच्या कडेला मात्र, जिथे ऊन थेट पडत होतं, तिथे बारीकसारीक बरंच काही उगवलेलं. सावलीमुळे, असं मी म्हणणार होते. पण सावली तर आमच्या बंद खोक्यातही होती, आणि तिथे दुहेरी थरापेक्षा जास्त बिया फुटल्या होत्या.

पानातलं हरितद्रव्य तांबडा आणि निळा खाऊन टाकतं. पल्याडचा त्याला पचत नाही, तो पानांतून खाली गळतो. उघड्या उन्हात दोन्ही तांबडे जवळपास सारखे असतात, पहिला किंचित जास्तच. दाट पिकाखाली पहिला दहाव्या हिश्श्यावर येऊ शकतो. म्हणजे खाली पडून असलेल्या बारीक बीला उजेड किती हे कळून उपयोग नाही, ढगही उजेड कमी करतात, भिंतही करते. कळायला हवं ते हे, की आपल्या डोक्यावर कुणी आधीच जेवायला बसलंय का. ढगाच्या सावलीत दोन तांबड्यांचं प्रमाण फारसं बिघडत नाही. पानाच्या सावलीत बिघडतं. पल्याडचा तांबडा म्हणजे कुणाच्या तरी ताटातलं उष्टं, आणि ते पाहून बी ठरवतं, या पंगतीत नको. आमच्या दोन कागदांच्या खोक्यात आम्ही नकळत एक दाट, हिरवं शेत बांधलं होतं.

ज्वारीचा दाणा असलं काही विचारत नाही. पाभरीने तो बोटभर खोल ओलीत जातो, जिथे उजेड पोचतच नाही. मातीत उजेड काही मिलिमीटरच शिरतो. दाणा मोठा, शिदोरी भरपूर, तो अंधारातूनच वर येतो. उजेडाची परवानगी लागते ती बारीक बियांना: तंबाखू, लेट्यूस, घोळ, कितीतरी तणं. यांच्या अंगात इतकंच बळ असतं की खोलवर रुजले तर वर पोचण्याआधीच संपतील. त्यांच्यासाठी उजेड म्हणजे खोली मोजायची फूटपट्टी.

हे सगळं मी आगटीशी बसून काकांना सांगितलं. काकांनी हुरडा चोळता चोळता ऐकलं आणि पहिलाच प्रश्न मुद्द्याचा विचारला.

‘‘मग कुळवाची पाळी घातली की तण उठतंय ते ह्येच्यामुळं व्हय?’’

बऱ्याच अंशी हो. मातीत वर्षानुवर्षं निजलेलं बारीक बी कुळवाच्या फाशीबरोबर क्षणभर वर येतं, ऊन बघतं आणि पुन्हा गाडलं जातं. पुरलेल्या काही बिया उजेडाला इतक्या हळव्या होऊन बसलेल्या असतात की सेकंदाचा तुकडाही त्यांना पुरतो. शेवटचा शब्द तांबड्याचा. अंधारात परत गेल्या तरी तो शब्द घेऊनच जातात. आपण तण मारायला रान उकरतो आणि उकरण्यानेच पुढच्या तणाला हाक मारतो. यावरून 1990 साली जर्मनीत हार्टमान आणि नेझादाल यांनी मशागतच रात्री करून पाहिली, आणि तण बरंच कमी उगवल्याचं छापलं. पुढे इतरांनी केलं तेव्हा कुठे जमलं, कुठे काही फरक दिसला नाही.

काकांनी कणीस उलटं केलं. ‘‘आन टॅक्टरचं लाइट?’’

झाकायचे, मी म्हणाले.

‘‘आन कुंद्याचं काय? त्यो काशातनं येतोय. हराळी मुळातनं येतीया. त्येंला काय रात आन काय दिस.’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण उत्तर नाहीच. आमच्याकडच्या काळ्या रानातलं खरं दुखणं बियांचं नाही, जमिनीखालच्या काशांतून फुटणाऱ्या कुंद्याच्या गवताचं आहे. आणि जर्मनीतली माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी उलत नसावी. आपल्या जमिनीला भेगा पडतात, वरची माती बियांसकट आत ढासळते, पावसाने भेग मिटते. कुळव न मारताही इथलं रान आपलं आपण खालीवर होत असतं.

परतीच्या गाडीत मी भाचीला मिशिगनमधल्या बाटल्यांची गोष्ट सांगितली. 1879 साली विल्यम बील नावाच्या प्राध्यापकाने 20 बाटल्यांत ओली वाळू आणि 21 जातींच्या प्रत्येकी 50 बिया भरल्या आणि त्या कॉलेजच्या आवारात, आता ते विद्यापीठ आहे, पुरल्या. ठराविक वर्षांनी एक काढायची आणि अजून काय उगवतं बघायचं. बील गेला, त्याच्या मागचे गेले, खड्ड्याचा नकाशा हातोहात पुढे चालत आला. 2021 च्या एप्रिलमध्ये पुढची बाटली काढली ती पहाटे, अंधारात, थंडीत कुडकुडत, कपाळावर हिरवा दिवा लावून. उरलेल्या बाटल्यांतल्या बियांना ऊन दिसू नये म्हणून. 141 वर्षांनंतरही काही बिया रुजल्या, जवळजवळ सगळ्या व्हर्बॅस्कम नावाच्या एका रानटी झाडाच्या. पुढची बाटली 2040 साली.

‘‘पण आत्या, हिरवा पण थोडा चालतोच म्हणालीस ना? मग त्यांनी चुकून उठवलं असलं तर?’’

मी खिडकीबाहेर बघितलं. काही प्रश्न नववीतच विचारता येतात.

प्रदर्शनात तिने सहावी ओळ तक्त्यात घातली. निष्कर्ष खोडून त्या जागी लिहिलं: ‘कागद दिसतो त्या रंगाचा नसतो.’ परीक्षकांनी हा मुद्दा विषयाला सोडून आहे असा शेरा दिला आणि उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. मामांना त्या दिवशी मी पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं.

काकांनी मात्र गोष्ट मनावर घेतली होती. पुढच्या सप्टेंबरात, पेरणीआधी वाफसा आला तेव्हा, त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला रात्री बोलावलं आणि रानाच्या वरच्या अंगाला एक पट्टा अंधारात कुळवून घेतला, दिव्यांवर पोतं टाकून. ट्रॅक्टरवाला म्हणे पट्टा संपेपर्यंत रामनाम घेत होता. बाकीचं रान दुसऱ्या दिवशी सकाळी. मी रोज फोन करून विचारत होते. पंधरा दिवसांनी त्यांनीच फोन केला.

‘‘उगवलं बग तण.’’

‘‘कुठल्या पट्ट्यात कमी आहे?’’

‘‘सारकंच हाय गं. रातीच्यात घोळ जरा कमी वाटती, पर कुंदा हितं बी आन तितं बी.’’ मागे कुणाशी तरी बैलाबद्दल बोलले, परत फोनवर आले. ‘‘पर पुढच्या सालाला बी रातीच कुळवणार हाय.’’

‘‘का?’’

‘‘आगं, गार वाटतंय की.’’